कंट्री गायिका ग्रेचेन विल्सन आठवते का? एवढी वर गेलेली बाई रेडिओवरून इतक्या लवकर गायब कशी झाली?

उनाड_पाखरू:
इथे कंट्री म्युझिक (अमेरिकेतलं गावाकडच्या ढंगाचं संगीत) ऐकणारे मोजकेच असणार, तरी धागा काढतोय. मागे टेलर स्विफ्टच्या धाग्यात दोघातिघांनी "आम्ही जुनं कंट्री ऐकणारे" म्हणून भाव खाल्ला होता, त्यांनी तर यायचंच आहे.

२००४ मध्ये अमेरिकेत ज्यांनी गाडीत रेडिओ लावला असेल त्यांच्या कानावर 'रेडनेक वुमन' पडलं नाही असं होणं शक्यच नाही. मार्चमध्ये गाणं आलं आणि बघता बघता बिलबोर्डच्या कंट्री चार्टवर (गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीवर) पहिलं, तेही पाच आठवडे. त्याआधी दोन वर्षांहून जास्त काळ एकाही सोलो गायिकेला तिथे पहिला नंबर मिळाला नव्हता. पहिला अल्बम 'हिअर फॉर द पार्टी' पाच वेळा प्लॅटिनम (म्हणजे अमेरिकेत पन्नास लाख प्रती). ग्रॅमी मिळालं, २००४ चा सीएमएचा (कंट्री म्युझिक असोसिएशन) नवोदितांसाठीचा होरायझन अवॉर्ड मिळाला, पुढच्या वर्षी सीएमएची सर्वोत्कृष्ट गायिका. २००५ चा दुसरा अल्बम तर नुसत्या कंट्रीत नाही, सगळ्या अल्बमच्या चार्टवर थेट पहिल्या नंबरवर उतरला.

आणि मग २००७ चा तिसरा अल्बम. त्यातलं एकही गाणं टॉप २० च्या आसपाससुद्धा फिरकलं नाही. २००९ मध्ये सोनीचं लेबल (रेकॉर्ड कंपनी) सुटलं. पाच वर्षांत खेळ खलास.

माझं मत सांगून टाकतो. तिने स्वतःला एकाच गाण्यात कोंडून घेतलं. दर वेळी तेच, मी रांगडी, मी दारू पिते, मी मेकअपवाली नाही. लोकांना कंटाळा येणारच. कोणाला वेगळं वाटत असेल तर लिहा.

चहाबाज:
कोण?

उनाड_पाखरू:
@चहाबाज या, बसा. यूट्यूबवर 'रेडनेक वुमन' टाका, चार मिनिटांचंही काम नाही, मग बोलू.

चहाबाज:
ऐकलं. झकास आहे. मध्ये बायकांचा घोळका ओरडतो तिथे मी पण ओरडलो, बायको किचनमधून बघायला आली.

वांगी_भात:
गाण्यात ती म्हणते की माझ्या पोर्चवर ख्रिसमसचे दिवे वर्षभर असतात. आमच्या गॅलरीत आकाशकंदील होळीपर्यंत लटकत असतो, म्हणजे आम्ही पण त्यातलेच की. आईला सांगितलं पाहिजे, ह्या गोष्टीवर लोक ग्रॅमी घेऊन बसलेत आणि तू मला आळशी म्हणतेस.

ह्यूस्टनचे_आजोबा:
(मी आजोबा अजून झालेलो नाही, आयडी मुलाने बनवून दिलाय. कृपया नमस्कार करू नये.)

ग्रेचेन समजून घ्यायची तर २००४ च्या आधीचं वर्ष बघावं लागेल. मार्च २००३, इराकचं युद्ध तोंडावर आलेलं. डिक्सी चिक्स या बायकांच्या बँडच्या नॅटली मेन्सने लंडनच्या कार्यक्रमात बोलून टाकलं की राष्ट्राध्यक्ष आमच्या टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. त्या वेळी त्यांचं 'ट्रॅव्हलिन सोल्जर' पहिल्या नंबरवर होतं. थोड्याच आठवड्यांत ते चार्टवरून नाहीसं झालं, स्टेशनांनी त्यांना वाजवणंच बंद केलं. लुइझियानात तर त्यांच्या सीडी ट्रॅक्टरखाली चिरडल्या, टीव्हीवर दाखवलं होतं. आमच्या ऑफिसातल्या एकाने पिकअपच्या दारातल्या खणातून सीडी काढून आणली आणि सगळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली. दुपारी ती डब्यात नव्हती. कोणीतरी उचलली होती (मीच. न पाहिलेलं प्रकरण फुकट मिळतंय तर का सोडा).

तर मुद्दा असा की त्या वेळचा बायकांचा सगळ्यात मोठा बँड रेडिओवरून हद्दपार झालेला, गायिका फेथ हिल पॉपकडे सरकलेली, शनाया ट्वेन स्वित्झर्लंडला राहायला गेलेली. कंट्री रेडिओला एक बाई हवी होती आणि ती अशी हवी होती की जिच्याकडे बघून कोणी "ही आपल्यातली नाही" असं म्हणूच शकणार नाही. तेवढ्यात ही आली. इलिनॉयमधल्या पोकाहॉन्टस नावाच्या हजारभरसुद्धा वस्ती नसलेल्या गावातली, ट्रेलर पार्कात (फिरत्या घरांच्या गरीब वस्तीत) वाढलेली, आठवीनंतर शाळा सुटलेली, पंधराव्या वर्षापासून बारमध्ये काम करणारी. हे सगळं खरं होतं, बनवलेलं नव्हतं. पण ते नेमकं कोणत्या वेळी बाजारात आलं हेही बघायला हवं.

रेडनेक म्हणून तिकडच्या गरीब गोऱ्या कष्टकऱ्यांना हिणवतात, आणि ही तेच छातीवर मिरवत आली. आमच्या ऑफिसातल्या बायका पार्किंग लॉटमध्ये काचा खाली करून गाणं लावायच्या. त्यात पेरोल बघणारी एक साठीची बाई होती, ती तर ठेका धरून स्टीअरिंग बडवायची.

उगाचच:
आजोबा, नमस्कार.

ह्यूस्टनचे_आजोबा:
😐

तंबोरा:
राजकारण बाजूला ठेवून जरा आवाजावर बोलूया का? मी मुळात शास्त्रीय ऐकणारी, कंट्री नवऱ्यामुळे कानावर पडायला लागलं. ग्रेचेनचा खालचा आवाज भरदार आहे आणि वर जाताना जो किंचित घोगरा होतो तो मुद्दाम आणलेला वाटत नाही. 'व्हेन आय थिंक अबाउट चीटिन' ऐका. बाईच्या मनात नवऱ्याला सोडून दुसरीकडे जायचा विचार येतो आणि त्याच विचारात तो आठवतो आणि ती थांबते, एवढंच गाणं आहे. स्टील गिटार मागे रेंगाळते आणि ही शब्द सोडताना घाई करत नाही, एकेक ओळ ठेवून देते. 'रेडनेक वुमन'वाली बाई ती हीच यावर विश्वास बसत नाही. माझ्या मते लेबलचा गाढवपणा, त्यांनी तिच्यातली गायिका विकली नाही, नुसती पार्टी विकली.

आकडेमोड्या:
@तंबोरा आवाजाबद्दल शंभर टक्के सहमत, लेबलबद्दल नाही. तुम्ही म्हणता ते चीटिनवालं गाणं सिंगल म्हणून (अल्बममधून वेगळं, रेडिओसाठी) काढलंच होतं आणि ते चौथ्या नंबरपर्यंत गेलं. पहिल्या अल्बमचे चारही सिंगल टॉप फाइव्हमध्ये होते: रेडनेक १, टायटल ट्रॅक ३, चीटिन ४, 'होमरेकर' २.

खरी गंमत दुसऱ्या अल्बमची आहे. 'ऑल जॅक्ड अप' हे टायटल गाणं चार्टवर थेट २१ व्या नंबरवर उतरलं, तोपर्यंत कुठल्याच गायिकेचं गाणं एवढ्या वर पहिल्यांदा दिसलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं आता हे पण पहिलं. आठव्यावर अडकलं. मग लेबलने काय केलं, तर नेमकं तुम्ही म्हणता तेच केलं. 'आय डोन्ट फील लाइक लव्हिंग यू टुडे' ही संथ, सुंदर, रडवणारी बॅलड सिंगल म्हणून पाठवली. ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं आणि रेडिओवर? २२. मग प्रत्यक्ष मर्ल हॅगार्ड या जुन्या दिग्गज कंट्री गायकाबरोबरचं डुएट. २३.

म्हणजे पार्टी पण चालेना आणि बॅलड पण चालेना. पहिल्या आणि दुसऱ्या अल्बममध्ये दीड वर्षसुद्धा अंतर नव्हतं. तेवढ्यात लोकांना तिचा आवाज नकोसा झाला हे पटत नाही, कारण त्याच लोकांनी दुसरा अल्बम दुकानात जाऊन पहिल्या नंबरवर नेला होता ना.

स्क्रोल_करणारा:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

उनाड_पाखरू:
@आकडेमोड्या पहिल्या आठवड्याची विक्री ही आधीच्या अल्बमची पुण्याई असते राव. लोकांनी आणला, ऐकला, आणि पुढच्या वेळी नाही आणला. तिसऱ्या अल्बमचं नाव काय, तर 'वन ऑफ द बॉईज'. परत तेच. आणि लेबल सुटल्यावर स्वतःचं लेबल काढलं त्याचं नाव? रेडनेक रेकॉर्ड्स! आत्मचरित्राचं नाव? 'रेडनेक वुमन'! आता मला सांगा मी कोंडून घेतलं म्हणालो तर काय चुकलं.

वांगी_भात:
पाखरूसाहेबांचा हा मुद्दा जोरदार आहे हां.

नॅशव्हिलकर_सध्या:
उशिरा आलो. मी इथे नॅशव्हिलला, म्हणजे कंट्रीच्या माहेरघरी, बरीच वर्षं आहे, म्युझिकशी संबंध एवढाच की माझा शेजारी आयुष्यभर लेबलांसाठी रेडिओ प्रमोशन करत आला आणि त्याला बोलायला फार आवडतं. त्यामुळे दोन भागात लिहितो, एक तिची वर जायची गोष्ट आणि दुसरं रेडिओ कसा चालतो ते.

ती १९९६ मध्ये इथे आली. डाउनटाउनमध्ये प्रिंटर्स ॲली म्हणून एक गल्ली आहे, तिथल्या बोर्बन स्ट्रीट ब्लूज अँड बूगी बारमध्ये ती ड्रिंक द्यायची आणि मधूनच स्टेजवर चढून गायची. तिथे जॉन रिच आणि बिग केनीने (बिग अँड रिच ही जोडी) तिला ऐकलं. ह्या दोघांनी २००१ मध्ये मित्रमंडळी जमवून मंगळवारी रात्री एका पबमध्ये गाणी-बजावणी सुरू केली होती, म्युझिकमाफिया नावाने. म्युझिक रो या इथल्या भागातल्या लेबलांनी ज्यांना दारातून परत पाठवलेलं अशी सगळी टोळी तिथे. कंट्री, रॅप, रॉक, कोणीतरी बाजूला उभं राहून चित्र काढतंय, असा कारभार. मंगळवार निवडला कारण मंगळवारी गावात कोणाला काही काम नसतं. २००४ मध्ये ग्रेचेन आणि बिग अँड रिच दोघांचे पहिले अल्बम एकाच महिन्यात आले आणि ज्यांनी नाही म्हटलं होतं तेच मंगळवारी जागा धरायला धावू लागले. आणि 'रेडनेक वुमन' तिने आणि जॉन रिचने मिळून लिहिलंय. टीव्हीवर फेथ हिलचा रेशमी चादरीत लोळतानाचा व्हिडिओ बघून ही म्हणाली की बाबा हे मला जमायचं नाही, आणि तिथून गाणं निघालं. तेव्हा ती तिशीत होती, पदरात लहान मुलगी, आणि त्याआधी बऱ्याच ठिकाणांहून नकार घेऊन झालेला.

आता रेडिओ. आपल्याला वाटतं लोकांना आवडलं की गाणं वर जातं. तसं नाही. लेबलची माणसं दर आठवड्याला स्टेशनच्या प्रोग्रॅम डायरेक्टरच्या (कोणतं गाणं वाजवायचं हे ठरवणाऱ्याच्या) मागे लागतात. नवीन गायकाला गाडीत घालून गावोगाव फिरवतात, स्टेशनच्या मीटिंग रूममध्ये समोसे-बिमोसे काही नाही, पिझ्झा ठेवून गिटारवर दोन गाणी गायला लावतात, सगळ्यांशी हसून हात मिळवायचा, फोटो काढायचा. गाणं ६० व्या नंबरवरून निघून वर यायला कधीकधी चाळीस आठवडे घेतं. त्या काळात लेबलने धक्का मारणं थांबवलं की गाणं तिथेच मरतं. आणि १९९६ च्या टेलिकॉम कायद्यानंतर कंपन्यांनी स्टेशनं ढिगाने विकत घेतली, एकट्या क्लिअर चॅनलकडे बाराशेच्या आसपास स्टेशनं होती. म्हणजे पूर्वी शंभर माणसांना पटवावं लागायचं, आता मोजक्या. त्या मोजक्यांनी ठरवलं की ही बाई झाली जुनी, की विषय संपला.

चहाबाज:
समोसे-बिमोसे काही नाही 😂 पण जबरी माहिती, शेजाऱ्याला चहा पाजत जा.

रानजाई:
मी इतका वेळ वाचत होते, पण पाखरू यांच्या "कोंडून घेतलं" वर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कोंडून घेतलं की कोंडलं? नॅशव्हिलकर यांनी जे लिहिलंय त्याच्यापुढचा भाग असा की स्टेशनांचा एक अलिखित नियम होता, दोन बायकांची गाणी लागोपाठ लावायची नाहीत. २०२० मध्ये मिशिगनच्या एका स्टेशनने तर हे ट्विटरवर उघड लिहिलं आणि मग बोंबाबोंब झाली. २०१५ मध्ये कीथ हिल नावाच्या रेडिओ सल्लागाराने मुलाखतीत सांगितलं की रेटिंग हवं असेल तर बायकांची गाणी कमी करा, पुरुष गायक म्हणजे सॅलडमधली लेट्यूसची पानं आणि बायका म्हणजे वरचे टोमॅटो. हे तो गंभीरपणे बोलला. कॅनडातल्या जेडा वॉटसन यांनी वर्षावर्षाचा हिशोब मांडलाय, २००० मध्ये कंट्री रेडिओच्या वार्षिक यादीत साधारण एक तृतीयांश गाणी बायकांची होती, २०१८ मध्ये ११ टक्क्यांच्या आसपास. त्याच २०१८ च्या डिसेंबरमध्ये एक आठवडा असा आला की कंट्री एअरप्लेच्या (रेडिओवर किती वाजलं त्या चार्टच्या) टॉप २० मध्ये एकही बाई नाही. १९९० ला चार्ट सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

आता ग्रेचेनचा काळ बघा. मे २००५ मध्ये कॅरी अंडरवूड अमेरिकन आयडल जिंकली, वर्षाच्या शेवटी तिचं गाणं रेडिओवर. ऑक्टोबर २००६ मध्ये टेलर स्विफ्टचा पहिला अल्बम. जागा मुळात दोन-तीन बायकांची. नवीन आल्या की जुनीने उठायचं. ग्रेचेन ज्या रिकाम्या खुर्चीवर बसली ती डिक्सी चिक्सना उठवून रिकामी केलेली होती हे आजोबांनीच लिहिलंय. मग तिला उठवलं यात आश्चर्य काय?

आणि रांगडेपणाचा कंटाळा म्हणाल तर गायक टोबी कीथ बघा. पहिला नंबर वन १९९३ मध्ये, आणि २०११ मध्येही नंबर वन. अठरा वर्षं तीच ऐट, तीच दारू, तोच झेंडा. त्याला कोणी म्हणालं का की बाबा एकाच गाण्यात कोंडून घेतलंस?

तंबोरा:
+१११ रानजाई

उगाचच:
रानजाई, टोबी कीथ हा उदाहरणाला सोपा आहे पण तो विनोदी गाणी करायचा, स्वतःवर हसायचा, मध्येच प्रेमगीत टाकायचा. आणि त्याने २००५ मध्ये स्वतःचं लेबल काढलं, धंदा कळायचा त्याला.

रानजाई:
@उगाचच बरोबर, लेबल त्यानेही काढलं आणि तिनेही. त्याला रेडिओने वाजवत ठेवलं.

आकडेमोड्या:
इथे एक विचित्र गोष्ट सांगतो जी दोन्ही बाजूंना अडचणीची आहे. ग्रेचेनने स्वतःच्या लेबलवर 'वर्क हार्ड, प्ले हार्डर' काढलं आणि ते २०१० मध्ये टॉप २० मध्ये गेलं. म्हणजे २००७ मध्ये सोनीसारखी कंपनी पाठीशी असताना जे झालं नाही ते घरच्या लेबलवर झालं. त्या गाण्याला एका टीव्ही मालिकेच्या जाहिरातीचा आधार होता हे खरं, पण तरी. त्याच अल्बममधल्या 'आय'ड लव्ह टू बी युअर लास्ट' साठी २०११ च्या ग्रॅमीत नॉमिनेशन, मिरांडा लँबर्ट आणि कॅरी अंडरवूडच्या पंक्तीत. म्हणजे रेडिओने दार पूर्ण लावलेलं नव्हतं, आणि तिच्याकडे गाणीच नव्हती असंही नाही.

मला वाटतं २००६-०७ मध्ये सीडीचा धंदा बुडायला लागला होता, लेबलं एकेका सिंगलवर किती आठवडे पैसे घालायचे याचा हिशोब करत होती आणि ज्या गायिकेचं गाणं २२ वर अडकतं तिच्यावर ते पुढे पैसे लावत नाहीत. गोष्ट एवढी रूक्ष आहे.

स्क्रोल_करणारा:
आता कोणीतरी लता-आशा आणणार.

वांगी_भात:
त्याआधी मीच हात जोडतो. नको.

ह्यूस्टनचे_आजोबा:
अवांतर पण मजेशीर. पहिल्या अल्बमनंतर ती कॉन्सर्टमध्ये 'स्कोल रिंग' नावाचं गाणं गाताना तंबाखूची डबी काढून लोकांना दाखवायची. स्कोल हा तिकडचा ओठाखाली ठेवायच्या तंबाखूचा ब्रँड, आणि जीन्सच्या मागच्या खिशात सतत डबी ठेवल्याने खिशावर जो गोल उमटतो त्यावर ते गाणं आहे. २००५ मध्ये टेनेसीच्या ॲटर्नी जनरलने पत्रच काढलं की हे तंबाखू कंपन्यांबरोबर झालेल्या करारात बसत नाही, समोर लहान मुलं असतात. तिने दाखवणं बंद केलं. आमच्या गावच्या घरी आजोबांच्या बंडीच्या खिशाला असाच गोल होता, चुन्याच्या डबीचा. ते असते तर पहिल्या रांगेचं तिकीट काढलं असतं.

उगाचच:
आजोबांचे आजोबा 🙏

रात्रशाळेच्या_बाई:
कंट्री वगैरे मला काही कळत नाही, पण एक गोष्ट वाचली होती ती इथे कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. शाळा आठवीनंतर सुटली असं वर आलंय. ह्या बाईने २००८ मध्ये, म्हणजे करिअर उतरणीला लागलेलं असताना, चौतिसाव्या वर्षी शाळेच्या समकक्ष परीक्षा दिली आणि पास झाली. नंतर प्रौढ शिक्षणाच्या बाजूने जाहीरपणे बोलायला लागली. मी ज्या वयाच्या बायकांना शिकवते त्यातल्या अर्ध्या जणी पहिल्या दिवशी दारातच उभ्या राहतात, आत येऊन बाकावर बसायची लाज वाटते म्हणून. आणि हिला तर आख्खा देश ओळखत होता. तुमच्या चार्टमध्ये ही गोष्ट कुठे धरतात माहीत नाही.

उनाड_पाखरू:
बाई, हे खरंच भारी आहे.

तंबोरा:
हो, आणि मला तर वाटतं घसरण घसरण आपण म्हणतोय ती रेडिओपुरती. ती गायची थांबली कुठे होती? २०१३ मध्ये एकाच वर्षात तीन अल्बम काढलेत, एक जुन्या रॉक गाण्यांचा, एक ख्रिसमसचा. २०१७ मध्ये परत एक.

उगाचच:
तीन अल्बम काढले आणि तुम्ही-आम्ही सोडून कोणाला पत्ता नाही, यालाच घसरण म्हणतात ना तंबोराताई.

नॅशव्हिलकर_सध्या:
उगाचच, इथे हजारो माणसं ब्रॉडवेवर (बारनी भरलेला इथला रस्ता) सकाळी अकरापासून टिपवर गातात. वीस वर्षांनी ज्याच्या नावाने तिकीट विकलं जातं त्याला इथे कोणी घसरलेला म्हणत नाही.

(यानंतर बरेच महिने शांतता)

उनाड_पाखरू:
धागा वर काढतोय. बातमी बघितली का? अमेरिकेतल्या 'मास्क्ड सिंगर'चा २०२५ चा सीझन कोण जिंकलं, तर ग्रेचेन विल्सन. पर्ल नावाने, आख्खा चेहरा झाकून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ह्या शोमध्ये नावाजलेली माणसं डोक्यापासून पायापर्यंत वेष घालून गातात आणि परीक्षक ओळखायचा प्रयत्न करतात.

तंबोरा:
बघा! मी म्हणत होते ना. जीन्स नाही, ट्रेलर पार्क नाही, डबी नाही, नुसता आवाज. आणि जिंकली.

उगाचच:
टीव्ही शो आहे ओ, लगेच काही सिद्ध होत नाही त्यातून. त्या शोमध्ये कोणकोण जिंकलंय ती यादी बघा, सगळे मुरलेले गायकच असतात.

रानजाई:
सिद्ध कोणाला करायचंय. पण मला एक सांगा पाखरू, तुमचा मूळ प्रश्न होता ना की गायब कशी झाली. आता तुमचं मत काय?

उनाड_पाखरू:
अजून अर्धा ठाम आहे. रेडिओत बायकांना जागाच दोन-तीन हे मान्य, आकडे समोर आहेत. पण त्याच रेडिओवर मिरांडा लँबर्ट टिकली, आणि तिची सुरुवातही बंदुका-जाळपोळ गाण्यांनीच झाली होती. फरक असा की मिरांडाने २०१० पर्यंत स्वतःच्या लहानपणच्या घरावरचं गाणं गायलं आणि लोकांनी तिला दुसऱ्या रूपात घेतलं. ग्रेचेनला ते करायची संधी एकदा मिळाली, २००५ च्या त्या बॅलडला. ती २२ वर अडकली आणि मग ती घाबरून परत रेडनेककडे वळली असं मला वाटतं. लेबलने वळवली असेल, पण वळली.

आकडेमोड्या:
हे मला पटतंय. मिरांडाला पण पहिला नंबर वन मिळायला पाच वर्षं लागली. तिच्या लेबलने तेवढा धीर धरला कारण सुरुवात लहान होती, अपेक्षा लहान होत्या. ग्रेचेनचं पहिलंच गाणं पाच आठवडे वर बसलं, त्यानंतर आठवा नंबरसुद्धा अपयश म्हणून मोजला गेला. आठवा नंबर! लोक करिअरभर आठव्या नंबरसाठी झुरतात.

ह्यूस्टनचे_आजोबा:
आमची ती पेरोलवाली बाई आता रिटायर झालीये, तिला मास्क्ड सिंगरची लिंक पाठवली. उत्तर आलं की मी दुसऱ्या एपिसोडलाच ओळखलं होतं. खोटं बोलत असणार, पण काही म्हणालो नाही.

वांगी_भात:
हाहाहा

चहाबाज:
ह्या धाग्यामुळे मी आता लेनी विल्सन ऐकायला लागलोय, ती हिची कोण?

नॅशव्हिलकर_सध्या:
कोणी नाही, आडनाव एवढंच. लेनी लुइझियानाची. २०२३ मध्ये सीएमएची एंटरटेनर ऑफ द इयर झाली, २०११ मध्ये टेलरला मिळाल्यानंतर पहिल्यांदाच बाईला मिळालं. आणि ग्रेचेन २०२५ च्या शेवटी सीबीएस चॅनलच्या 'द रोड' शोमध्ये पण होती, कीथ अर्बनबरोबर बसमधून फिरणाऱ्या नवीन गायकांची टूर मॅनेजर म्हणून. पोरांना कधी झोपायचं, कधी साउंडचेक, ते दटावायचं काम. अगदी शोभतंय.

रात्रशाळेच्या_बाई:
मला ऐकायला सुरुवात करायची असेल तर कुठून करू? दारूची गाणी नकोत.

तंबोरा:
बाई, मग आधी चीटिनवालं, ते ऐकून झालं की २००५ ची बॅलड. 'रेडनेक वुमन' शेवटी ऐका, तोपर्यंत आवाजाची ओळख झालेली असेल.

आकडेमोड्या:
'पोकाहॉन्टस प्राउड' पण. त्यात दारू थोडी आहे, पण गाव जास्त आहे.

वांगी_भात:
नॅशव्हिलकर, डिसेंबरमध्ये चौघं येतोय तुमच्याकडे. ब्रॉडवेजवळ गाडी कुठे लावायची?

नॅशव्हिलकर_सध्या:
गाडी आणूच नका. नदीपलीकडे लावून पुलावरून चालत या, पायऱ्या आहेत, म्हातारं माणूस बरोबर असेल तर लिफ्ट पण आहे. मंगळवारी या, बाकीच्या दिवशी पोरींच्या बॅचलर पार्ट्यांनी रस्ता भरलेला असतो.